करंगळीएवढी माती

"फुंकर मारू नकोस गं वकिलीणबाई, राख डोळ्यांत जाईल! मग कोर्टात काय चाचपडत उभी राहशील?" माझी जाऊ सुब्हिया ओरडली, तशी भट्टीत डोकावणारी रुला दचकून मागे सरली.

आम्ही बायका हसून हसून बेजार झालो. आमचे हात कोपरापर्यंत पिठात होते आणि बाहेर वाएलचे मित्र सकाळपासून ढोल बडवत होते. वाएल म्हणजे सुब्हियाचा धाकटा. उद्या त्याचं लग्न, आणि पाहुण्यांसाठी दोनशे रोट्या आजच भाजायच्या. त्यात पाहणीचं पथकही नेमकं आजच येणार होतं. लष्कराला आमचं गाव असा मुहूर्त बघूनच आठवतं.

रुला हेब्रॉनहून आली होती. आमची केस तीच लढते. तिने चौथ्यांदा समजावलं, "मावशी, नीट ऐका. दुसऱ्याच्या मुलखाचा ताबा घेतलेल्या लष्कराला तिथल्या रहिवाशांना हाकलता येत नाही. सगळ्या जगाचा कायदा आहे तो. म्हणून त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही रहिवासीच नाही. मेंढ्या घेऊन चार महिने येता नि जाता. आज साहेबांनी तसं लिहिलं, तर गाव उठलंच म्हणून समजा."

"मी जाते कुठे?" सुब्हिया म्हणाली. "दात काढायलासुद्धा शहरात गेले नाही. या नौफाने दोरा बांधून काढलाय."

नौफा म्हणजे मी. आणि एक नाही, दोन काढलेत.

पथक दुपारी आलं. काळा चष्मा लावलेला एक कोवळा अधिकारी, आणि कोर्टाने नेमलेला म्हातारा इंजिनियर. चढ चढून त्याला धाप लागली होती. बोलत मात्र आमच्याच भाषेत होता.

अधिकाऱ्याने त्याला गावभर फिरवलं. "हा तंबू बघा, यंदाचा. पत्रा यंदाचा. पाण्याची टाकीही यंदाचीच. इथे जुनं असं काही नाहीच."

"जुनं तुमच्या बुलडोझरने पाडलं, दोनदा," रुला म्हणाली.

"त्याचा आजच्या पाहणीशी संबंध नाही."

इंजिनियर खाली मान घालून लिहीत होता. लबाडी तरी कशाला म्हणायची? आमचं सगळं नवंच होतं. नव्या जोडप्यासाठी चुना लावून ठेवलेली गुहा तेवढी जुनी, पण गुहेत काय, कोल्हेही राहतात, असं तो अधिकारी म्हणाला.

"साहेब, उन्हातून आलात. आधी खा, मग आम्हाला हाकला," सुब्हियाने गरम रोटी आणि तेलाची वाटी पुढे केली.

अधिकाऱ्याने तोंड फिरवलं. इंजिनियरला मात्र वासानेच गाठलं होतं. दुसरी रोटी मोडता मोडता त्याने भट्टीकडे पाहिलं. "जाळ कुठे आहे?"

"जाळ नसतोच," सुब्हिया म्हणाली. "बाहेरून मेंढ्यांच्या लेंड्या लिंपायच्या, वर राख लोटायची. आत धुमसत राहतं. ही भट्टी आम्ही विझू देत नाही. सासूने माझ्या हाती दिली तेव्हा पेटलेलीच होती."

"मग रोजची राख?"

"रोजची राख रोज ढिगावर."

ढीग भट्टीमागेच, उताराच्या पायथ्याशी. माणसापेक्षा उंच. आमची सगळ्यांची पोरं त्यावर घसरगुंडी खेळून मोठी झाली. लष्कराने घरं पाडली, टाकी फोडली, पण उकिरड्यावर बुलडोझर कोण घालतो?

इंजिनियरने फावडं मागितलं. नवरदेवाने स्वतःच बाजूने ढीग कापायला घेतला.

"अरे, उद्या राखाडी नवरा बघून तुझी नवरी अबीर पळून जाईल!" सुब्हिया ओरडली.

पावसाने दाबून घट्ट झालेली राख थरावर थर उघडी पडत गेली. करडी, पांढरी, पुन्हा करडी. तीत हाडं निघाली, एक गुंडी निघाली, माझ्या थोरल्याची हरवलेली गोटी निघाली. म्हातारा गुडघे टेकून थरांना मोजपट्टी लावू लागला, आणि आम्हाला गाणं फुटायचंच काय ते राहिलं.

तेवढ्यात अधिकारी वाकला. थरांच्या मधोमध तपकिरी मातीची एक पट्टी होती. "इथे राख नाही. म्हणजे वस्ती सलग नव्हती. लिहा."

ढोल थांबला. रुलाचा चेहरा उतरला.

सुब्हियाने हात पुसले, पुढे झाली आणि त्या पट्टीवर करंगळी आडवी ठेवली. बरोबर तेवढीच होती.

"नव्हतीच सलग," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला ट्रकमध्ये भरून दूर माळावर नेऊन टाकलंत, तो हा हिवाळा. चार महिने पाऊस पडला, वरून माती आली. राख टाकायला इथे होतं कोण? हिच्या खाली मोजा, वर मोजा. ही तेवढी आमची नाही, तुमची आहे."

"आणि भट्टी?" इंजिनियरने हळूच विचारलं. "तेव्हा विझली असेल?"

"निखारे तुपाच्या डब्यात घालून ट्रकमध्ये घेतले. माळावर राखेत पुरून जपले, त्याच निखाऱ्यांवर परत पेटवली. सगळं परत आणलं, साहेब. फक्त जब्र आला नाही."

जब्र तिचा नवरा, माझा दीर. त्या माळावर गारठ्याने गेला, तिथेच पुरला. इतक्या वर्षांत त्या हिवाळ्याचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला रडू आवरेना.

इंजिनियर बराच वेळ लिहीत राहिला.

"हे कशाला लिहिता?" अधिकारी म्हणाला.

"दिसलं म्हणून."

निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा लागेल. लग्नात मात्र आम्ही असे नाचलो, की वकिलीणबाईच्या चपलेची टाच तुटली आणि ती अनवाणी नाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अबीर मेंदीच्या हातांनी गुहेबाहेर आली. सुब्हियाने तिच्या हाती राखेची पाटी दिली. शहरातली पोर, वारा न बघताच पाटी उडवली. सगळी राख सासूच्या तोंडावर! आम्ही पोट धरून हसलो. सुब्हिया सर्वांत जास्त हसली, आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिली.

"राख गेली गं डोळ्यांत," ती म्हणाली.

मग तिने वाएलला एक पत्रा आणायला लावला, आणि ती मातीची पट्टी पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून ढिगाच्या कापलेल्या बाजूवर तो नीट टेकवून ठेवला.