दोन बोल्ट, एक पट्टी

मुलांनो, लाकडी फूटपट्टी डोळ्यांसमोर आणा. तिच्या टोकाशी खिळ्याला टांगण्यासाठी एक भोक असतं, आठवतंय? अशा दोन पट्ट्या एकीवर एक ठेवा, भोकं जुळवा आणि त्यांतून काडेपेटीतली काडी घाला. आता एक पट्टी डावीकडे ओढा, दुसरी उजवीकडे. काय होईल? दोन पट्ट्या जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत, नेमकी तिथे काडी कात्रीने कापल्यासारखी तुटेल.

आता तीन पट्ट्या घ्या. बाहेरच्या दोन एका हातात, मधली दुसऱ्या हातात. ओढा बरं! या वेळी जोर दुप्पट लागतो, कारण काडीला एकदम दोन जागी तुटावं लागतं. काडी मात्र तशीच, तेवढीच जाड. घाई नको. हे चित्र नीट बसू द्या मनात. प्रणितालाही ते कळेपर्यंत अर्धी काडेपेटी संपली होती.

प्रणिता अकरा वर्षांची, हैदराबादेत तारनाक्याला राहणारी. तिची आई त्रिवेणी नामपल्लीच्या एका ऑफिसात लोखंडी बांधकामांची गणितं करायची. पट्ट्यांचा खेळ तिनेच शिकवला होता. "बोल्टला असं कातरणाऱ्या जोराला आम्ही शिअर म्हणतो," ती म्हणाली होती. "बोल्ट किती आहेत ते कुणीही मोजेल. तू तो किती जागी कातरला जाईल ते मोजायचं."

ही गोष्ट १९९६ सालची. हैदराबादेत नवी ऑफिसं, नवे कारखाने उघडत होते, आणि ज्याला त्याला छताखाली पांढरंशुभ्र फॉल सीलिंग हवं होतं. अंबरपेठेतल्या मराठी मंडळालाही हवं होतं. त्याच वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये लोखंडी गॅलरी बांधली गेली. मागची बाजू भिंतीवर टेकलेली, पुढची बाजू दोन सांध्यांवर छताच्या तुळईला जाड पट्ट्यांनी टांगलेली. नकाशा आणि गणित आईने करून दिलं, खाली सही केली.

शनिवारी पाच वाजता स्नेहसंमेलन होतं. सुरुवातीलाच चाळीस लहान मुलं गॅलरीत उभी राहून टिपऱ्यांचा नाच करणार होती. त्यात प्रणिताचा सहा वर्षांचा भाऊ ओंकार होता. आई पटांचेरूला एका नव्या कारखान्याच्या कामावर गेली होती. ती सहाच्या सुमारास परस्पर हॉलवर यायची होती.

चार वाजता प्रणिता कागदी पताका बांधायला गॅलरीत चढली. छताचं काम जवळजवळ झालं होतं, एकच चौकोन उघडा होता. तिथे शिडीवर यादगिरी मिस्त्री उभा होता, शेवटचा पांढरा तक्ता हातात घेऊन. प्रणिताने सहज वर बघितलं, आणि तिच्या हातातली पताका तशीच राहिली.

आईच्या नकाशात प्रत्येक सांध्याशी तुळईतून दोन पट्ट्या खाली येत होत्या आणि गॅलरीची पट्टी त्या दोघींच्या मध्ये बोल्टांनी जोडलेली होती. इथे तुळईतून एकच पट्टी आली होती.

"मिस्त्री, इथे अजून एक पट्टी हवी ना?"

"वो सीलिंग की चौकट को लगरी थी अम्मा, निकाल दिया," यादगिरी म्हणाला. "बोल्ट पूरे हैं. दो बोले थे, दो डाला मैं. गिन लो."

प्रणिताने मोजले. दोनच होते, आणि जाडीही बरोबर होती.

"पण एकाच जागी कातरले जातील."

"क्या जातील?" यादगिरी हसला. "कल आठ आदमी चढे थे ऊपर. कुछ हुआ? नक्को डरो."

त्याने तक्ता लावला, स्क्रू पिळले. सांधा दिसेनासा झाला.

प्रणिता धावत शेजारच्या टेलिफोन बूथवर गेली आणि तिने आईच्या ऑफिसात फोन लावला. शिपाई म्हणाला, मॅडम सकाळपासून पटांचेरूला आहेत, तिथे अजून फोनची लाइनच आलेली नाही.

बूथच्या पायरीवर बसून तिने कार्यक्रमपत्रिका उलटी केली. आईचं गणित तिला पाठ होतं, कारण तिनेच ते मोठ्याने वाचून पडताळायला मदत केली होती. गॅलरी लोकांनी भरली की एका सांध्यावर चार हजार किलो भार. एका बोल्टचा छेद दोन चौरस सेंटिमीटर. दोन बोल्ट, प्रत्येक दोन जागी, म्हणजे आठ चौरस सेंटिमीटर. चार हजार भागिले आठ, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर पाचशे किलो. चालण्यासारखी मर्यादा आठशे. आई तेव्हा म्हणाली होती, "छान, भरपूर आहे."

आता प्रत्येक बोल्ट एकाच जागी. दोन दुणे चार. चार हजार भागिले चार.

एक हजार.

तिने पुन्हा भागाकार केला. पुन्हा हजारच आले. आठशेच्या पुढे गेलं म्हणजे लगेच तुटतं असं नाही, हेही आईनेच सांगितलं होतं. कदाचित काहीच होणार नाही. लहान मुलांचं वजन ते किती! पण मुलं एका तालात पाय आपटणार होती, आणि त्याचा भार किती धरायचा ते आईने कधी शिकवलं नव्हतं. आणि आपलंच चुकलं असेल तर? सगळा हॉल हसेल. सही तर आईची आहे.

हिम्मतराव मंडळाचे चिटणीस. ते दारात पाहुण्यांसाठी गुलाबपाणी शिंपडत होते. प्रणिताने कागद पुढे केला.

"काका, मुलांना वर पाठवू नका. आकडा जास्त येतोय."

हिम्मतरावांनी चष्मा वर करून पाहिलं. "अगं, तुझ्या आईनेच सही केलीये ना? मग तू तिच्यापेक्षा हुशार झालीस का?"

"आईने दोन पट्ट्या सांगितल्या होत्या. लावलीये एकच."

"सीलिंग बघ किती सुरेख दिसतंय! आता ते उघडायचं? पाहुणे यायला लागलेत, प्रणिता. आई आली की विचारू हं. जा, पताका बांध."

"आई सहाला येणार. नाच पाचला आहे."

पण ते पाहुण्यांकडे वळले होते.

पाचला दहा मिनिटं होती. नाच बसवणाऱ्या मेधाबाईंनी मुलांची रांग लावली. टिपऱ्या खडखडत होत्या. यादगिरी जिन्याजवळ शिडी घडी करत होता. प्रणिताने पताकांच्या पिशवीतून तीन फूटपट्ट्या आणि काडेपेटी काढली, दोन पट्ट्यांच्या भोकांतून काडी घातली आणि त्या त्याच्या हातात दिल्या. "ओढा." काडी कट्‌कन तुटली. मग तिसरी पट्टी घालून दिली. "आता ओढा." यादगिरीने ओढलं, पुन्हा ओढलं, दात आवळून ओढलं. तो तुटक्या काडीकडे आणि मग वरच्या पांढऱ्या तक्त्याकडे बघत राहिला. या वेळी तो हसला नाही.

"हिम्मतराव साब बोले थे, निकालो," तो हळूच म्हणाला. "मैं क्या करूं अम्मा?"

"चला रे मुलांनो, वर!" मेधाबाईंनी टाळी वाजवली. रांगेत सगळ्यात पुढे ओंकार होता. डोक्याला फेटा, तोंडभर हसू.

प्रणिता धावत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गेली, रांगेकडे तोंड करून मधोमध बसली आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडचे कठडे घट्ट धरले.

"ताई, सरक ना!" ओंकार म्हणाला.

हिम्मतराव दारातून ओरडले, "प्रणिता! ऊठ तिथून!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. तिने उजवा हात क्षणभर सोडला, ओंकारला ओढून आपल्या शेजारी बसवलं आणि कठडा पुन्हा धरला.

"आई येईपर्यंत कुणी वर जाणार नाही," ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.