भाग फिरवून पाहणे

सिथाबिलेने संगणकावरचं चित्रीकरण थांबवलं आणि नोंदींच्या रकान्यात लिहिलं : भाग फिरवून पाहिला. पडद्यावर पंपाचं कवच अर्धवट वळून उभं होतं. ते वळवणाऱ्या बाबांना जाऊन महिना झाला होता.

"म्हातारबुवा दोनदा ओरडलेत माझ्यावर. तेही लिहिणार का?" शेजारी बसलेल्या मेलुसीने विचारलं. बुलावायोच्या या कारखान्यात तो बाबांच्या हाताखाली आराखडे काढायला शिकला होता.

"ओरडण्याला रकाना नाही."

"मग कसला अभ्यास, ताई!"

ती किंचित हसली. अभियंते संगणकावर आराखडा कसा घडवतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. सगळ्यांत बाबा वेगळे निघाले होते. बाकीचे अभियंते भाग एका जागी ठेवून काम करत. बाबा मात्र रेघ ओढण्याआधी तो दर वेळी डावीकडे वळवून पाहत. मुरलेल्या माणसाची पारख, असं तिने लिहिलं होतं. प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्यावरच उभं होतं, आणि सोमवारी तो द्यायचा होता.

तिने चित्रीकरण पुन्हा सुरू केलं. त्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चहा आणते," तिचाच आवाज, मग दार लागल्याचा. मेलुसीचा हात एकदम माउसकडे गेला.

"पुढे काही नाहीये. वीज गेली होती तेव्हा."

"मग पडदा कसा चालू आहे?"

त्याने हात मागे घेतला.

"गेली का ती?" चित्रीकरणात बाबा विचारत होते. "गाढवा, बघतोस काय? उजवीकडचं वाच पटकन."

"जाडी बारा. बाबा, तिला सांगा ना आता. उजवीकडचं दिसत नाही म्हणून तुम्ही फिरवता, आणि ती बिचारी कौतुकाने लिहून घेते."

"सांगितलं की सगळं टाकून माझ्या उशाशी येऊन बसेल. या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, ती काय करणार? तिला काहीतरी सापडलंय, मेलुसी. चेहरा बघितलास तिचा?"

"मला शपथ घातली होती, ताई," शेजारचा मेलुसी पुटपुटला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. रकान्यातले शब्द खोडायला बोट बटणावर ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं.

चित्रीकरणात दार उघडलं. कप किणकिणले.

"थांबा, थांबा बाबा! मघासारखं पुन्हा वळवा ना. मला नीट बघू दे."

कवच सावकाश डावीकडे वळलं.

"असं?" बाबांनी विचारलं.