बाटलीत उरलेलं

प्रयोगशाळेत सगळे तिला छोटी म्हणत, कारण तिथली प्रमुख तिची सख्खी थोरली बहीण होती. चाळिशी ओलांडली तरी ती छोटीच राहिली. ताईने डोकं चालवायचं आणि छोटीने बाटल्या भरायच्या, ही वाटणी अकरा वर्षांपूर्वी झाली ती झाली.

बाटल्यांत असायचं पेरॉक्सीनायट्राइट. पिवळंधमक, उणे ऐंशी अंशांवर गोठवलेलं. हे विष मुळात आपल्याच अंगात तयार होतं. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड आणि पेशी प्राणवायू वापरताना सांडणारा सुपरऑक्साइड, हे दोघे समोरासमोर आले की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते जन्मतं. पांढऱ्या पेशी त्याने जंतू मारतात. पण नको तिथे झालं की ते आपलीच प्रथिनं नासवतं, मज्जातंतूंच्या जिवावर उठतं. गोठवलेलं नसेल तर स्वतः सेकंदभरसुद्धा टिकत नाही, डाग तेवढे मागे ठेवतं.

त्याला वाटेतच धरेल असं एक औषध ताईने बनवलं होतं. बशीतल्या मज्जापेशींवर पिवळा थेंब पडला की त्या मरायच्या, आधी औषध घातलं की तगायच्या. बशीमागून बशी, अकरा वर्षं हेच.

आणि मग ज्या आजारासाठी हे औषध होतं, मज्जातंतू एकेक करून मरत जाण्याचा, नेमका तोच बाबांना झाला. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आधी चिमटा हातातून सुटायला लागला, मग चमचा, मग पाय गेले, शेवटी जीभही जड झाली. ताईने त्यांना आपल्या घरी आणलं. रोज सकाळी त्यांच्या उशाशी बसून ती म्हणायची, "दम धरा, बाबा. आधी उंदीर, मग माणसं. पहिलं नाव तुमचंच." बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. छोटी दाराशी उभी राहून ऐकायची आणि तिचाही ऊर भरून यायचा. बाटल्या तिच्याच हातच्या होत्या ना.

त्या वर्षी ताईचा लेख छापण्याआधी तपासणाऱ्या कुणी परक्याने एक साधी चाचणी मागितली. पिवळा थेंब आधी नुसत्या द्रावणात टाका, दहा मिनिटं थांबा, मग त्यात पेशी सोडा. तोवर विष संपलेलं असणार, म्हणून पेशी जगायला हव्यात. ताई परिषदेला गेली होती. छोटीने चाचणी लावली.

सगळ्या पेशी मेल्या.

पुन्हा लावली. पुन्हा मेल्या. ताईचं औषध घातलं तेव्हा मात्र जगल्या. विष संपल्यावरही मारतंय ते काय? उत्तर शोधायला तिला जुनी पुस्तकं चाळत दोन दिवस लागले. पेरॉक्सीनायट्राइट बनवताना हायड्रोजन पेरॉक्साइड घालावं लागतं, आणि त्यातलं उरलंसुरलं मँगनीज डायऑक्साइडच्या काळ्या पुडीवरून गाळून काढावं लागतं. कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या, ताईच्या हातच्या कृतीत ती पायरी नव्हतीच. अकरा वर्षं पेशींना मारत होतं ते उरलेलं पेरॉक्साइड, आणि औषध अडवत होतं तेही तेच. ते तर कशानेही अडतं.

ताई परतल्यावर छोटीने सगळे आकडे तिच्यापुढे ठेवले. ताईने ते सावकाश वाचले.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

"शहाणी आहेस," ताई म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. छोटीला हायसं वाटलं.

सोमवारच्या बैठकीत नऊ माणसं होती. ताई उभी राहिली. "आपले प्रयोग नासले आहेत. बाटल्या कोण भरतं?"

सगळ्यांच्या माना छोटीकडे वळल्या.

"ताई, कृतीत ती पायरी नव्हती."

"इथे मला मॅडम म्हणायचं. आणा तो कागद."

कागद आला. नवव्या ओळीखाली एक ओळ होती: काळ्या पुडीवरून गाळून घेणे. अक्षर ताईचंच. बाकीची शाई विटून तपकिरी झालेली, ही मात्र निळीशार. कागद हातोहात फिरला. प्रत्येकाने पाहिला आणि प्रत्येकाने खाली मान घातली.

दुपारपर्यंत छोटीचं टेबल रिकामं झालं होतं.

ती तशीच बाबांकडे गेली. ताई तिच्याआधी पोचली होती. एव्हाना बाबांची वाचा पूर्ण गेली होती, ते अक्षरांच्या तक्त्यावर नजर फिरवून बोलत. छोटी तक्ता धरून एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेली. मा. झं. औ. ष. ध. तू. ना. स. व. लं. स.

ताई दारात उभी होती. "सांगितलंय मी त्यांना," ती शांतपणे म्हणाली. "नव्या बाटल्या भरल्या की पुन्हा सुरू. एक वर्ष जास्त लागेल, इतकंच." आणि छोटीकडे बघून तिने हळूच मान हलवली. गप्प बस.

गप्प बसता आलं असतं. आळ अंगावर घेतला असता तर म्हाताऱ्याला ते एक वर्ष आशेवर काढता आलं असतं. हे छोटीला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी वाकली, "औषध नाहीये. कधी नव्हतंच. कुणी वाचवणार नाहीये तुम्हाला. विचारा हिला."

बाबांची नजर ताईकडे वळली. चार श्वासांनी ताई म्हणाली, "खोटं बोलतेय ती." फार उशीर झाला होता. बाबांनी डोळे मिटून घेतले.

आधी छोटीला बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत बरं वाटत होतं. खाली आल्यावर ती भिंतीला धरून ओकली.

दुसऱ्या दिवशी बाबांना सांभाळणारी बाई तक्ता घेऊन त्यांच्यासमोर बसली, तेव्हा बाबांनी बऱ्याच वेळाने नजर हलवली. तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि दोघी बहिणींना बाहेरच्या खोलीत वाचून दाखवलं. वाचताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"दोघींनाही आत सोडू नको."

बाबा त्यानंतर चार महिने जगले. ताईच्याच घरात, बंद दाराआड.