किनुए, आहे

मित्रांनो, माझे मागचे डावे चाक वाकडे आहे. ओळख करून देताना दोष आधी सांगून टाकावा, म्हणजे समोरचा तो शोधत बसत नाही. बाकी मी तपकिरी, अंगाने भरलेली, चार चाकांची सुटकेस आहे. वय एकोणीस. माणसांत या वयाला कौतुकाने कॉलेजात पाठवतात. सुटकेसांत या वयाला तितक्याच कौतुकाने माळ्यावर पाठवतात.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. जन्मल्या दिवशी मला उंचावरून बऱ्याच वेळा आपटून पाहिले आणि नंतर माझ्यावर 'उत्तम' असा शिक्का मारला. प्रेम करण्याची ही पद्धत मला त्या वेळी विचित्र वाटली.

मला विकत घेतले ते तोमिदामास्तरांनी. हे इइयामाच्या बर्फाळ डोंगरातल्या एका छोट्या स्टेशनचे स्टेशनमास्तर. अडतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांना गाडीत बसवून दिले आणि स्वतः फलाटावरच राहिले. निवृत्त झालो की तुला जहाजाने समुद्र दाखवीन, असे त्यांनी बायकोला, म्हणजे किनुएबाईंना, लग्नात कबूल केले होते. बाईंनी ते अडतीस वर्षे लक्षात ठेवले आणि एकदाही बोलून दाखवले नाही. मास्तर म्हणत, याहून मोठा तगादा असत नाही.

मास्तरांची एक वही होती. तिच्यावर लिहिले होते, 'जहाजाच्या आधी आणि नंतर'. जहाजावर काय करायचे ते कप्तान बघेल, माणूस चुकतो तो जमिनीवर, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून वहीत सगळे जमिनीचेच नियम. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी मुक्कामाला जावे. त्याच दिवशी पोहोचू म्हणणाऱ्याने बर्फाचा विचार केलेला नसतो. योकोहामात जहाजांचे धक्के एकाहून अधिक आहेत, तेव्हा जहाज कंपनीच्या पत्रावरचे धक्क्याचे नाव दोनदा वाचावे. एका वर्षी एक जोडपे चुकीच्या धक्क्यावर वेळेच्या तासभर आधी पोहोचले होते आणि तिथून आमच्या जहाजाला हात हलवत होते. आमच्या लोकांनीही त्यांना प्रेमाने हात हलवले.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम माझ्याबद्दल होता. मोठी सुटकेस घरून तीन दिवस आधी कुरिअरने बंदरावर पाठवायची आणि परतल्यावर बंदरावरच्या कुरिअरच्या खिडकीतून तशीच घरी पाठवायची. माणसाने हात मोकळे ठेवून फिरावे. आमच्याकडे सगळे असेच करतात, त्यामुळे मी मालकांबरोबर फार थोडी फिरले. मी त्यांच्या पुढे जायची आणि मागून यायची. माझ्यासारख्या तपकिरी सुटकेसा धक्क्यावर शेकड्याने असत, म्हणून किनुएबाईंनी जुन्या किमोनोच्या पट्ट्यातून हळदी रंगाची एक चिंधी कापून माझ्या मुठीला बांधली. ती अजून आहे.

परतताना जहाज धक्क्याला लागण्याच्या आदल्या संध्याकाळी सामान खोलीबाहेर ठेवावे लागते. नोकर ते घेऊन जातात आणि सकाळी ते थेट धक्क्यावर मिळते. त्या वेळी दुसऱ्या दिवशीचे कपडे, औषधे आणि चष्मा हातपिशवीत काढून ठेवावेत, हाही वहीतलाच नियम. एका वर्षी एक निवृत्त न्यायाधीश हे विसरले आणि सकाळी झोपण्याच्या किमोनोत, पायात खोलीतल्या सपाता घालून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने जहाजावरून उतरले. बाई पुढे वर्षभर भांडी घासताना मध्येच हसत.

आता मास्तरांची सवय सांगते, कारण माझी सारी कथा तिच्यावरच उभी आहे. आमच्या रेल्वेतला माणूस सिग्नल नुसता पाहत नाही. त्याच्याकडे बोट करतो, डोळ्यांनी पाहतो आणि तोंडाने म्हणतो. बोट, डोळा आणि तोंड तिन्ही एकत्र चालले की चूक होत नाही, असे शिकवतात. मास्तर निवृत्त झाले, बोट निवृत्त झाले नाही. दर ठिकाणाहून निघताना ते ताठ उभे राहत आणि सुरू करत, "पासपोर्ट, आहे. औषधं, आहेत. चष्मा, आहे. किल्ली, आहे." सर्वांत शेवटी बोट बाईंकडे वळे. "किनुए, आहे."

"आहे हो, अजून पळून गेले नाही," बाई म्हणत. किंवा, "आहे, पण या वयात माझी मोजदाद किल्लीच्या नंतर?" किंवा नुसतेच, "आहे, मास्तर. सोडा गाडी." बंदरावरच्या कुरिअरच्या खिडकीत हातानो नावाची एक मुलगी असे. तिला हे सारे पाठ झाले होते आणि बाईंच्या आधीच तिच्या चेहऱ्यावर हसू येई.

अशा अकरा सफरी झाल्या. बाराव्या सफरीत शेवटच्या संध्याकाळी बाई मला भरताना म्हणाल्या, "आता हे जहाजावरचं पुरे. घरचं लोणचं आणि भातावर गरम चहा ओतून चहाभात मिळाला तर जिवाला बरं वाटेल." थोड्या वेळाने मास्तर बाहेर गेले आणि जहाजाच्या कचेरीतून फोन करून गाडीची तिकिटे बदलून आले. जहाज लागल्यावर गाडीला निदान तीन तास ठेवावेत, हा त्यांच्या वहीतला नियम, त्यांच्याच अक्षरातला. त्या दिवशी त्यांनी पंचावन्न मिनिटे ठेवली. दुपारचे जेवण घरी व्हावे म्हणून.

मित्रांनो, हे नीट ऐका. मास्तर आळशी नव्हते आणि बेफिकीरही नव्हते. बायकोला वेळेत चहाभात मिळावा, एवढीच त्यांची चूक.

सकाळी कुरिअरच्या खिडकीपुढे चाळीस माणसांची रांग होती. मास्तरांनी घड्याळ पाहिले. "रांगेत उभे राहिलो तर गाडी जाते."

"मग नेते मी हिला," बाई म्हणाल्या. "चाकं आहेत की तिला."

मास्तरांनी दोन हातपिशव्या आणि भेटींचे खोके घेतले आणि पुढे निघाले. धक्क्याच्या उताराला फरशीच्या फटीत माझे चाक अडकले आणि वाकले. तिथून पुढे मी तीन चाकांवर होते, म्हणजे खरे तर बाईंच्या हातावर होते. वजन एकवीस किलो. मी हलकी होण्याचा फार प्रयत्न केला. सुटकेसला ते जमत नाही.

स्टेशनच्या दारापाशी बाई माझ्यावर बसल्या. बारा वर्षांत त्या कधी माझ्यावर बसल्या नव्हत्या; सामानावर बसणे त्यांना अडाणीपणाचे वाटे. त्या दिवशी त्यांचा सगळा भार माझ्यावर आला, ओल्या कपड्यांसारखा. मुठीवरचा त्यांचा हात गार होता. मास्तर चार पावलांवर उभे होते, त्यांचे डोळे वर टांगलेल्या, गाड्यांच्या वेळांच्या फळ्यावर होते. तोंड सवयीने चालू होते. "तिकिटं, आहेत. औषधं, आहेत. किल्ली, आहे." बोटही सवयीने वळले. ते एका खांबाकडे होते.

"किनुए, आहे."

"हो," बाई म्हणाल्या. एवढेच.

गाडी मिळाली. चार मिनिटे हाताशी राहिली. वहीतल्या नियमाप्रमाणे आसने शेवटच्या रांगेत होती, कारण तिथे मागे मोठे सामान राहते. त्यामुळे मी बाईंच्या पाठीशी होते. मास्तरांनी वही काढून लिहिले, 'उतरल्यापासून गाडीपर्यंत एक्कावन्न मिनिटे. जमते.' बाईंनी खिडकीला डोके टेकवले होते. बोगदे संपले तसे मास्तर म्हणाले, "किनुए, आपले डोंगर आले." मग पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा फार हळू म्हणाले, शेजारच्यांना त्रास नको म्हणून.

गाडी इइयामाला वेळेवर पोहोचली.

आमच्याकडे माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी विधी करतात; बाईंचे ते झाल्यावर मला उघडले. बाईंचे घडी घातलेले कपडे मास्तरांनी एकेक करून काढले आणि त्याच घडीने कपाटात ठेवले. मग मला गाद्या ठेवायच्या कपाटात, गाद्यांच्या मागे सरकवून दिले. तिथे मी सहा वर्षे होते. माझ्यावर एक रजई, त्यावर आणखी एक. कोणी मला दोष दिला नाही. पण अंधारात पडून राहिले की वजन आठवते.

बाहेरचे ऐकू येई. मास्तर घरातून निघताना आता काही म्हणत नसत. बोट बंद झाले होते. दोनदा ते किल्ली घरात विसरले आणि शेजारणीने त्यांना दारात बसलेले पाहिले. "एवढ्या गाड्या सांभाळल्यात आणि एक किल्ली सांभाळता येत नाही होय?" ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "वेळापत्रकात नव्हती ती."

गेल्या वसंतात त्यांनी मला बाहेर काढले. माझे चाक पाहिले, सरळ करायचा प्रयत्न केला, जमले नाही. मग मला ओल्या फडक्याने पुसले. चिंधी सोडली नाही. मला तीन दिवस आधी पाठवले, आदल्या दिवशी योकोहामाला मुक्काम केला, धक्क्याचे नाव दोनदा वाचले. त्याच समुद्रावरून ते एकटे जाऊन आले. काय पाहिले, मला माहीत नाही. मी खोलीत होते. परतीच्या गाडीला त्यांनी तीन तास ठेवले होते.

सकाळी ते कुरिअरच्या रांगेत उभे राहिले. पुढे पन्नासेक माणसे होती. ते सरकत सरकत खिडकीशी आले. हातानो आता मुलगी राहिली नव्हती. तिने आधी माझ्या चिंधीकडे पाहिले, मग मास्तरांच्या शेजारी पाहिले आणि कागद पुढे ओढला. "किती नग, आजोबा?"

"एक."

कागद भरून झाला. मास्तर एक पाऊल मागे झाले आणि ताठ उभे राहिले. सहा वर्षांनी बोट वर आले.

"पासपोर्ट, आहे. औषधं, आहेत. चष्मा, आहे. किल्ली, आहे."

मग बोट डावीकडे वळले. या वेळी मानही वळली. तिथे मोकळी फरशी होती. मास्तरांनी तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले, पाहायला हवे तसे. मागची रांग थांबली.

"किनुए," ते म्हणाले. "नाही."

हातानोने मान खाली घालून माझ्यावर चिठ्ठी चिकटवली. एकदा चिकटवल्यावरही ती तळव्याने दाबतच राहिली.

मित्रांनो, तुम्हीही कधी जहाजाने जाल. आदल्या दिवशी पोहोचा. औषधे हाताशी ठेवा. जड सामान पुढे पाठवा, रांग कितीही मोठी असो, आणि उतरल्यावर घाई करू नका; गाड्या पुष्कळ असतात. आणि आपल्या माणसाचे नाव घ्याल तेव्हा मान वळवून त्याच्याकडे बघा. आवाजात 'आहे' असते, चेहऱ्यावर कधी कधी नसते.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचले. कुरिअरवाल्याने मला दारात उभे केले. वाकड्या चाकामुळे मी थोडी कलले. मास्तर जेवत होते. हातात भाताचा वाडगा तसाच घेऊन ते दाराशी आले. वाडगा खाली ठेवला, माझ्याकडे बोट केले, मुठीपासून चाकापर्यंत नीट पाहिले.

"सुटकेस," ते म्हणाले, "आहे."