झाडपाल्याचा अर्क आणि ड्रायव्हरसाहेब

ड्रायव्हरसाहेबांनी आयुष्यभर शहराची बस हाकली आणि आयुष्यभर लघवी दाबून धरली. त्यामुळे मूत्राशयात कॅन्सर निघाला तेव्हा त्यांनी सगळं खापर बसच्या वेळापत्रकावर फोडलं. डॉक्टरांनी मात्र त्यांच्या खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. गाठ दुर्बिणीतून काढून झाली. आता काही आठवडे नळीने मूत्राशयात औषध सोडायचं आणि ते दोन तास आत धरून ठेवायचं, असं ठरलं.

"दोन तास? एवढंच?" साहेब हसले. "ते तर मी एका फेरीत करायचो."

पण जीव अडकला होता दुसरीकडेच. त्यांची लेक प्रयोगशाळेत नेमकं याच दुखण्यावर काम करायची. झाडपाल्यातून वेगळी काढलेली द्रव्यं कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायची. एका रानवेलीच्या मुळातलं द्रव्य पेशी मारतंय, असं ती जेवताना बोलून गेली आणि साहेबांचे कान टवकारले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात औषध असताना मी नळ्या कशाला घालून घेऊ?"

"बाबा, ते काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर चालतंय. माणसाला अजून दिलेलं नाही."

"मग मला दे. बाटली भरून आण."

लेकीने साफ नाही म्हटलं. साहेबांनी कुठून तरी मुळं पैदा केली आणि स्वयंपाकघरात उकळायला ठेवली. असा वास सुटला, की शेजारीण गटार तुंबलं का, हे विचारायला आली. बायकोने पातेलं उचलून मोरीत ओतलं. "अहो, कॅन्सरआधी मीच जाईन या वासाने!"

साहेब रुसले. आता दवाखान्यात जाणार नाही, म्हणून हटून बसले.

लेकीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. पांढऱ्या कोटाची बटणं काही त्यांच्या पोटावर लागेनात. तसेच ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले.

"या कॅन्सरच्या पेशी. अर्क घातल्यावर बघा, आक्रसून गेल्यात."

"शाब्बास!"

तिने दुसरी बशी सरकवली. तिथेही तीच गत.

"या पण गेल्या? दुप्पट शाब्बास!"

"बाबा, या निरोगी पेशी होत्या."

साहेबांनी डोळा बाजूला घेतला. परत लावला.

"म्हणजे हे दोघांनाही झोपवतं."

"म्हणून तर मी त्याला अजून औषध म्हणत नाही. आणि म्हणाले तरी पहिली बाटली तुम्हाला पाजायला माझा हात उठायचा नाही."

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं बाई, नळी तर नळी. पण तुझ्या कामाला मी काही उपयोगी पडतो का?"

"पडता की. रुग्णांच्या लघवीचे नमुने हवे आहेत. दवाखान्यातूनच रीतसर घेतात."

साहेबांची छाती फुगली. नमुना तर त्यांनी दिलाच, वर दवाखान्याच्या बाकावर बसून इतरांनाही गळ घालायला लागले. "द्या हो, एरवी वायाच जाते!" लाजरी माणसंसुद्धा हसत हसत तयार व्हायची.

औषधाचे सगळे आठवडे त्यांनी पार पाडले. सिगारेटही सुटली, जरा कुरकुर झाली एवढंच. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी दुर्बिणीचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मूत्राशयाची भिंत स्वच्छ, गुलाबी दिसत होती. "छान आहे. पण तपासायला येत राहायचं," डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी लेक धावतच घरी आली. द्रव्याच्या रचनेत थोडा बदल केल्यावर निरोगी पेशी आता बऱ्याच वाचत होत्या. "अजून खूप चाचण्या बाकी आहेत हं," तिने आधीच बजावलं आणि ताटावर बसल्या बसल्या सगळं समजावून सांगायला घेतलं. साहेबांना निम्मं कळलं नाही. पण जेवण निवून गेलं तरी ते "मग? पुढे?" म्हणत ऐकत राहिले.