खरा खोकला

१९८९ साल. त्या वर्षी बिशपांकडे धर्मगुरूंचा असा दुष्काळ पडला, की आजूबाजूच्या तीन चर्चना कुलपं लागली आणि तिथली माणसं मोठ्या चर्चला जोडली गेली. चौथा नंबर आपला, हे रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. फादर ब्याऐंशी वर्षांचे. ते उभे आहेत तोवर दार उघडं. ते बसले की किल्ली बिशपांच्या टेबलावर.

फादर उभे होते, पण विसरू लागले होते. हे एकट्या टाकेबाईला माहीत होतं.

टाकेबाई शिवणकाम करी. चर्चच्या समोर तिचं दुकान, मागे दोन खोल्या. त्यात ती, अंथरुणाला खिळलेली आई, धाकटा भाऊ आणि भावजय. वेदीची वस्त्रं धुणं, इस्त्री करणं, मिस्साची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, मांडामांड करणं, ही कामं तीस वर्षं तिच्याकडे. एका लग्नात फादरांनी नवरीला तीनदा नाव विचारलं, तेव्हा लोक हसले. टाकेबाई हसली नाही. लग्न आटोपल्यावर फादरांच्या झग्याची घडी घालता घालता तिने विचारलं, "फादर, खरं सांगा."

"पान हरवतं गं," फादर म्हणाले. "वाचता वाचता वाटतं, हे आत्ता म्हटलं की काल?"

तिला सगळी मिस्सा तोंडपाठ होती. तिनेच युक्ती काढली. ती पहिल्या बाकावर बसेल. एक खोकला म्हणजे पान उलटा. दोन खोकले म्हणजे थांबा, मागे या.

"देव म्हणेल, या चर्चला क्षय झालाय," फादर हसले. मग हसायचे थांबले. "पण एक ऐकून ठेव. भाकरीचं ख्रिस्तशरीर होतं ते ज्या शब्दांनी, ते शब्द ज्या दिवशी माझ्या तोंडून सुटतील, त्या दिवशी मी स्वतः बिशपांना किल्ली नेऊन देईन. तिथे लपवाछपवी नाही."

सात महिने निभावलं. समोरचा औषधवाला तिला चिडवी, "बाई, रविवारी आठ ते नऊ एवढाच येणारा खोकला माझ्या पुस्तकात नाही हो. बायको सांगते, तुम्ही अगदी ताल धरून खोकता." तो स्वतः अकरा वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता.

आणि मग त्या शनिवारी टाकेबाईला खरीखुरी सर्दी झाली.

रविवारी तिने लवंग चघळली, गरम पाणी प्यायली. अर्धी मिस्सा नीट गेली. फादरांनी भाकर हातात घेतली आणि नेमका त्याच क्षणी तिच्या घशात काटा टोचावा तसं झालं. तिने ओठ दाबले, पदर तोंडात कोंबला. खोकला आलाच. एक.

फादरांनी पान उलटलं.

हात सवयीने वर गेले, घंटा वाजली, दोनशे माणसांनी माना खाली घातल्या. तोंड मात्र पुढच्या पानावरची प्रार्थना वाचत होतं. ध्वनिक्षेपक नेहमीसारखा खरखरत होता. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. टाकेबाईच्या मात्र आलं. दोन वेळा खोकून त्यांना मागे आणायचं, तर खोकल्याची उबळच लागली, थांबेना. ती उबळ ऐकून फादर भांबावले आणि पानांमागून पानं उलटत सुटले.

लोक प्रसादासाठी रांगेने पुढे गेले. रांगेत औषधवालाही होता. बायकोच्या आजारपणात नवस बोलला होता म्हणून आलेला. टाकेबाई जागची उठली नाही. तिच्या डोळ्यांदेखत दोनशे माणसांनी नुसती भाकर खाल्ली, आणि उरलेली फादरांनी आजाऱ्यांना द्यायला पवित्र पेटीत ठेवली. त्याआधी पेटी रिकामी होती. सकाळी तिनेच पुसली होती.

घरी आली तर भावजय दारातच. "ताई, डॉक्टर येऊन गेले. दोन दिवस म्हणतात, फार तर तीन. फादर उद्या सकाळी आईंना ख्रिस्तप्रसाद द्यायला येणार आहेत. आणि परवा बिशपांचे सचिव येतायत, चर्च बघायला. अहो, तुम्ही एवढ्या पांढऱ्याफटक का पडलात?"

"सर्दी," टाकेबाई म्हणाली.

सांगावं तर फादर दिलेला शब्द मोडणारे नव्हते. किल्ली जाणार, चर्चला कुलूप, आणि सगळा रस्ता तिच्याकडे बोट दाखवणार. न सांगावं तर आईच्या जिभेवर शेवटचा प्रसाद म्हणून नुसती भाकर. दिवसभर ती मशीनपाशी बसली आणि एकाच बाहीला चार वेळा उलटी शिवण घालून उसवत राहिली. दोनशे माणसांना काही कळलं नाही, तर एका म्हातारीला काय कळणार, असं मनाशी म्हणून बघितलं. ते म्हणताच तिने हातातली बाही टाकून दिली.

सोमवारी दहाला फादर आले. छातीशी ती छोटी गोल डबी. उशापाशी पांढरं कापड, मेणबत्ती. आईचा श्वास पाण्यातून आल्यासारखा येत होता, पण डोळे लख्ख उघडे. फादरांनी भाकर वर धरली. आईने तोंड उघडलं.

"थांबा," टाकेबाई म्हणाली.

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. भावजय दचकली.

"अगं, दूध उतू जातंय बघ."

"दूध कुठे ठेवलंय?"

"मग ठेव!"

भावजय गेली. टाकेबाईने दार लोटलं.  ती पलंगाचा दांडा धरून बोलली. "फादर, काल ते शब्द झाले नाहीत. मी खोकले. खुणेचा नव्हता, खरा खोकला होता. तुम्ही पान उलटलंत."

फादरांनी भाकर हळूच डबीत ठेवली. मग पलंगाच्या कडेवर बसले. त्यांचा चेहरा एखाद्या चुकलेल्या लहान पोरासारखा झाला.

"म्हणजे काल सगळ्यांना..."

"सगळ्यांना."

"मला आठवतच नाही गं. मला वाटलं, मी म्हटले." ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "आधीही कधी झालं असेल? तू तिथे नसताना?"

  तेवढ्यात घरघरत्या श्वासातून आईच बोलली, "तुमचं बोलणं होईस्तोवर मी थांबू, की निघू?"

फादर उठले. "पुस्तक आण. वस्त्रं, द्राक्षरस, सगळं आण. इथेच मिस्सा म्हणतो."

रस्ता ओलांडून ती धावत गेली, धावत आली. मेणबत्तीशेजारी पुस्तक उघडलं आणि ती फादरांना खेटून उभी राहिली, ओळीखाली बोट धरून. फादर तिच्या बोटामागून वाचत गेले. त्या शब्दांपाशी फादर थांबले. भाकर हातात, ओठ अर्धवट उघडे, आणि शब्द नाही. तिने बोट हलवलं नाही. घसा खवखवत होता. तिने श्वास रोखून धरला. आता ती खोकली असती तर सगळं संपलं असतं. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले.

"हे माझं शरीर आहे," फादर म्हणाले. एकेक शब्द वजन करून ठेवावा तसा.

आईने प्रसाद घेतला, डोळे मिटले. टाकेबाई मागच्या अंगणात जाऊन भिंतीला टेकून खोकत राहिली. भावजय पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आली. "मी दारामागून सगळं ऐकलंय, ताई," ती म्हणाली. "आता आपलं काय होणार?"

मंगळवारी सचिव आले, तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आतच फादरांनी सगळं सांगितलं आणि किल्ली पुढे केली. पुढल्या रविवारी, कुलूप लागण्याआधीच्या शेवटच्या मिस्साला, वेदीवरून लोकांनाही सांगितलं. टाकेबाईचं नाव घेतलं नाही. भावजयीने ते आठवड्याभरात रस्त्यावर पोचवलं होतंच.

आई त्या रविवारच्या आधीच, गुरुवारी गेली. त्या चर्चमधून निघालेली ती शेवटची अंत्ययात्रा. फादर वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात आणखी चार वर्षं होते. शेवटी शेवटी कुणालाच ओळखत नसत. सचिव पुढे मोठ्या चर्चचे प्रमुख झाले आणि त्यांच्या हातून आणखी दोन चर्चना कुलपं लागली. भावजय त्या मोठ्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी बायबलचं वाचन करू लागली. आवाज खणखणीत, चूक एक नाही. औषधवाला म्हणाला, "अकरा वर्षांनी गेलो, तर नुसती भाकर हातावर ठेवली." तो परत कधी गेला नाही; बायको मात्र बरी झाली. रस्त्यावरच्या लोकांनी दोन वर्षं टाकेबाईकडे कपडे टाकले नाहीत, तिसऱ्या वर्षी टाकू लागले, कारण दुसरं कुणी तसं शिवत नव्हतं. दर रविवारी ती दोन बस बदलून मोठ्या चर्चला जाई आणि मागच्या बाकावर बसे. ते शब्द येईपर्यंत तिचे हात गार पडलेले असत; ते कानावर पडले की मगच ती मान खाली घाली. तिच्या वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत असंच चाललं.