दूध कुणाचं?

"बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घिऊन आलोय," वर्गाच्या दारात चपला काढत बाळासो म्हणाला. "रेडकू मेलं."

सगळा तिसरीचा वर्ग मागं वळून क्रांतीकडं बघू लागला. क्रांती ही बाळासोची पोर.

शांभवीबाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. गेल्याच आठवड्यात त्या कोल्हापुरातून प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. ज्याला एकच उत्तर नाही असा मोठा प्रश्न मुलांपुढं टाका, वर्ग आपोआप जागा होतो, असं तिथं सांगितलं होतं. बाकीचे गुरुजी पेंगले, बाईंनी मात्र ते मनावर घेतलं. कळंब्याच्या शाळेत परतल्यावर 'म्हैस आपल्याला दूध देते' या ओळीवर त्या थांबल्या आणि विचारलं, "देते, की आपण घेतो? दूध नेमकं कुणाचं?"

वर्ग असा पेटला की शेजारचे गुरुजी डोकावून गेले. कधी तोंड न उघडणारी क्रांती उभी राहिली. "रेडकाचं," ती म्हणाली. बाई हरखल्या. "मग आपण काय करायचं?" एवढं विचारेपर्यंत घंटा झाली. "ज्यानं त्यानं उत्तर शोधा," असं सांगून बाई मोकळ्या झाल्या. मास्तरांना मोकळं होता येतं.

त्याच संध्याकाळी, घरात कुणी नसताना, क्रांतीनं रेडकाचं दावं सोडलं.

"चारी सडं रिकामी केली त्येनं," बाळासो सांगत होता. "हगवण लागली. डॉक्टर आलता, पर हाताला लागलं न्हाय. आता म्हस पान्हा चोरती. म्हणून त्येच्याच कातड्यात पेंढा भरून पुढं ठेवलाय. त्ये चाटती आन् दूध देती."

"क्रांतीला मारलंत का हो?" बाईंनी विचारलं.

"कशापायी मारू? तिनं तुमचंच ऐकलंय की."

त्यानं चपला घातल्या आणि तो गेला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बाईंना सोसलं असतं.

त्या क्रांतीच्या बाकापाशी गेल्या. "चूक तुझी नाही बाळा, माझी आहे. बोल ना काहीतरी. तुला काय वाटतं?"

क्रांतीनं वही उघडली, पेन्सिल हातात घेतली.

"उत्तर तुमीच फळ्यावर लिवा, बाई. आमी उतरून घेतो."

बाईंनी फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. मग त्यांनी लिहिलं, 'म्हैस आपल्याला दूध देते.'

क्रांतीनं ते वळणदार अक्षरात उतरवून घेतलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली.